तिसऱ्या घंटेआधीची रिकामी खुर्ची

नाटकाचं तिकीट आयत्या वेळी आणि खिशाला झेपेल अशा दरात मिळावं, ही मागणी लाडावलेल्या पोरांची वाटते का? वडूजहून साताऱ्याला नाटकाला निघून बघा, हिशेब वेगळाच दिसतो.

सिनेमा आज ठरवून आज बघता येतो. क्रिकेटची मॅच तर टपरीवर उभं राहूनही बघता येते. नाटकाचं तसं नाही. आधी पेपरात किंवा इन्स्टावर जाहिरात दिसावी लागते. मग कुणाला तरी फोन करून 'प्लॅन कधी उघडणार?' असं विचारावं लागतं. एवढं करून तिकीट हातात येतं तेव्हा पुढच्या रांगा गेलेल्या असतात आणि मागच्या रांगेचा दरही कित्येकदा तीनशेच्या घरात असतो. पुण्या-मुंबईच्या मुलांना यातलं बरंचसं मोबाईलवर उरकता येतं. खटाव तालुक्यातल्या मुलांना तिकिटासोबत एसटीचं वेळापत्रकही जुळवावं लागतं.

आणि गंमत बघा, एवढी धडपड करून आत जावं, तर पडदा उघडताना इकडे दोन, तिकडे चार अशा खुर्च्या रिकाम्याच दिसतात. दारूण अपयशी नाटकाचं हे चित्र नाही. बऱ्यापैकी चाललेल्या नाटकालाही असं होतं. म्हणजे एका बाजूला बघायची इच्छा असलेला पण पैसे कमी पडणारा प्रेक्षक, दुसऱ्या बाजूला कुणीच न बसलेली खुर्ची. या दोघांची गाठ का पडत नाही, हा या लेखाचा विषय आहे.

वडूजचा हिशेब

व्यावसायिक नाटक बघायचं तर वडूजकराला सातारा किंवा कराड गाठावं लागतं. दोन्ही पन्नासेक किलोमीटरच्या टप्प्यात. सांगली तर त्याच्या जवळपास दुप्पट लांब. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. त्यामुळे पन्नास किलोमीटरला साध्या गाडीचं एकेरी भाडं शंभराच्या आतबाहेर जातं. जाऊन-येऊन दोनशे. मुलींना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणजे त्यांचे शंभर वाचतात. मागच्या रांगेचं तिकीट तीनशे धरा. मध्यंतरातला वडापाव आणि चहा, निघण्याआधी काहीतरी पोटाला, असे शंभर. मुलाचे सहाशे, मुलीचे पाचशे.

हा आकडा मोठा की लहान? २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे एका मुलाचं एक नाटक हे रोजगार हमीवरच्या जवळपास दोन दिवसांच्या मजुरीइतकं झालं. खटाव-माण हा पावसाची वाट बघणारा भाग. इथल्या घरात 'नाटकाला सहाशे रुपये दे' हे वाक्य म्हणायला पोरगं दहादा विचार करतं. त्याच पैशात मोबाईलचा दोन महिन्यांचा रिचार्ज होतो, आणि मोबाईलवर करमणुकीला तोटा नाही.

पैशापेक्षा अवघड प्रश्न परतीचा. रात्री साडेनऊचा प्रयोग साडेबाराच्या सुमारास संपतो. त्या वेळी वडूजला परत आणणारी गाडी कुठली? मग कुणाची तरी बाईक, किंवा चौघांनी मिळून गाडी, किंवा साताऱ्यात राहणाऱ्या मावशीकडे मुक्काम. मावशी नसलेल्यांनी काय करायचं? मुलींना तर घरून परवानगीच मिळत नाही, त्यांचं अर्धं तिकीट कामाला येतच नाही.

म्हणून 'आयत्या वेळी तिकीट' ही आपल्याकडे चैन नसून गरज असते. प्रॅक्टिकलची परीक्षा, शेतातलं काम, घरातली पाण्याची पाळी, गाडी मिळेल की नाही, हे सगळं त्या दिवशी दुपारीच कळतं. आठ दिवस आधी तीनशे रुपये अडकवून ठेवणं इथल्या मुलाला परवडत नाही.

पाचशेची भिंत

मग नाटकवाले तिकीट स्वस्त का करत नाहीत? त्यांच्या बाजूनेही हिशेब मांडू.

नाटकाच्या जाहिरातीत सगळ्यांत महाग रांगेचा आकडा बऱ्याचदा पाचशेवर थांबलेला दिसतो. यामागे कराचा नियम आहे. जीएसटी आला तेव्हा, २०१७ मध्ये, २५० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला करमाफी होती. २५ जानेवारी २०१८ पासून ही मर्यादा ५०० रुपये झाली. तिकीट पाचशेच्या वर गेलं की माफी जाते आणि १८ टक्के कर लागतो, तोही फक्त वरच्या रकमेवर नाही, पूर्ण तिकिटावर. साहजिकच निर्मात्याला पाचशेची भिंत ओलांडताना दहादा विचार करावा लागतो.

आता भिंत २०१८ ची आणि खर्च आजचा. नाट्यगृहाचं भाडं, बसचं डिझेल, कलाकारांची 'नाइट' म्हणजे प्रयोगागणिक मिळणारं मानधन, पडद्यामागची माणसं, नेपथ्याचा ट्रक, पेपरातल्या जाहिराती, बाहेरगावी असेल तर जेवण आणि मुक्काम. हे सगळं वाढत गेलं. वरचा दर वाढवता येत नसेल तर निर्माता खालचा वाढवतो. पहिल्या रांगेचे पाचशे तसेच राहतात आणि शेवटच्या रांगेचे दीडशेचे दोनशे, दोनशेचे तीनशे होत जातात. करमाफीचा उद्देश नाटक स्वस्त राहावं हा, पण त्याचा भार शेवटी मागच्या रांगेवर, म्हणजे आपल्यावर येतो.

यात दोष निर्मात्याचा आहे असं म्हणणं सोपं आहे, खरं नाही. मराठी नाटक आजही मुख्यतः तिकिटावर जगतं. सरकार नाट्यनिर्मितीला अनुदान देतं, पण रोजचा गाडा तिकीटविक्रीवरच चालतो. प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये आपला १२,५०० वा प्रयोग केला. एवढे प्रयोग होतात, याचा अर्थ तिकीट काढणारा माणूस आहे. प्रश्न एवढाच की तो माणूस कोण आहे आणि कुठल्या गावचा आहे.

खिडकीपर्यंत तिकीट येतच नाही

दुसरी अडचण दराची नाही, व्यवस्थेची आहे. पुण्यात नाट्यगृहाच्या खिडकीवर सकाळ-संध्याकाळ बुकिंग चालतं, शिवाय ॲप आहेत. प्रयोगाआधी तास-दोन तास खिडकी पुन्हा उघडते. याला 'करंट बुकिंग' म्हणतात. आयतं तिकीट मिळायची हीच जागा.

लहान शहरांत मात्र बरेच प्रयोग 'कॉन्ट्रॅक्ट'वर होतात. स्थानिक आयोजक ठरावीक रक्कम मोजून निर्मात्याकडून प्रयोग घेतो आणि पुढचा नफा-तोटा त्याचा. त्याला धाकधूक असते, म्हणून तो तिकिटं आधीच खपवायला बघतो. काही ठिकाणी सभासद योजना असते: वर्षाची वर्गणी भरा, वर्षभरात ठरलेली नाटकं बघा. योजना चांगलीच आहे. मध्यमवर्गीय कुटुंबांना ती सोयीची पडते आणि गावात नाटक येत राहतं ते तिच्यामुळे. पण अख्खा प्लॅन सभासदांतच भरला की बाहेरच्याला उरतं काय? त्यात कुणाला पास, कुणाला मानाच्या खुर्च्या. हे पासवाले सगळेच येतात असंही नाही. 'हाऊसफुल्ल'चा बोर्ड बाहेर आणि तिसऱ्या रांगेत सलग पाच खुर्च्या मोकळ्या, हे दृश्य नाटकवेड्यांना नवीन नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघं वडूजहून एका शहरात प्रयोगाला गेलो होतो. खिडकीवरच्या काकांनी फुल्ल असल्याचं सांगितलं. आम्ही बाहेर थांबलो. दुसरी घंटा झाली तशी एक गृहस्थ 'घरचे आले नाहीत' म्हणत दोन तिकिटं परत करायला आले. परत घेण्याची सोय नव्हती. त्यांनी ती आम्हाला छापील दराने दिली, दोघं आत गेले, दोघं बाहेर चहा पीत बसले. आत गेलेल्यांनी नंतर सांगितलं की त्यांच्या पुढची अर्धी रांग मोकळी होती. तिकिटं परत घेणारी एक वही आणि एक माणूस खिडकीवर असता, तर बाहेरचे दोघंही आत बसले असते, आयोजकाचेही पैसे वाढले असते.

भाजीवाल्याला हे गणित शिकवावं लागत नाही. आठवडी बाजारात दिवस मावळायला लागला की कोथिंबिरीची जुडी निम्म्या दरात जाते, कारण उद्या ती सुकणार हे त्याला माहीत असतं. नाटकाची खुर्ची तर कोथिंबिरीपेक्षाही नाजूक. तिसरी घंटा वाजली की तिची किंमत शून्य. समजा, सातशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात शंभर खुर्च्या उरल्या आणि त्या शेवटच्या तासात शंभर रुपयांनी गेल्या, तर दहा हजार रुपये हातात येतात. नाटक त्या रात्री तसंही होणारच असतं. या शंभर जणांसाठी जास्तीचा खर्च जवळपास काहीच नाही.

न्यूयॉर्कची रांग, लंडनचं अंगण

हे दुखणं जगभरच्या नाटकवाल्यांना आहे, आणि काहींनी त्यावर औषधही काढलं आहे.

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये १९७३ पासून 'टीकेटीएस' नावाची तिकीटखिडकी आहे. एक ना-नफा संस्था ती चालवते. ब्रॉडवेच्या नाटकांची त्या दिवशी न खपलेली तिकिटं तिथे मोठ्या सवलतीत मिळतात. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्येही तशी खिडकी आहे. नियम साधा: रांगेत उभं राहा, आज काय शिल्लक आहे ते बघा, त्यातलं निवडा.

१९९६ मध्ये 'रेंट' या संगीतनाटकाने एक पाऊल पुढे टाकलं. पुढच्या दोन रांगांची तिकिटं प्रयोगाच्या दिवशी २० डॉलरला विकायची. म्हणजे एरवी सगळ्यांत महाग जाणाऱ्या जागा सगळ्यांत स्वस्त. नाटक गरीब तरुण कलाकारांवर होतं आणि ते बघायला तसेच तरुण यावेत, हा त्यामागचा विचार. पोरं रस्त्यावर रात्र काढून रांग लावायला लागली, तेव्हा चिठ्ठ्या टाकून तिकिटं द्यायची पद्धत आली. पुढे २०१५ मध्ये ब्रॉडवेवर आलेल्या 'हॅमिल्टन'ने १० डॉलरची सोडत काढली. हॅमिल्टन यांचा चेहरा दहा डॉलरच्या नोटेवर आहे, म्हणून दहा.

लंडनच्या शेक्सपिअर्स ग्लोबमध्ये वेगळीच तऱ्हा. रंगमंचासमोरच्या उघड्या अंगणात उभं राहून नाटक बघायचं, पाऊस आला तर भिजायचं, आणि त्याचं तिकीट बसणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी. शेक्सपिअरच्या काळातही गरीब प्रेक्षक असाच उभा राहायचा.

या सगळ्या योजनांत एक गोष्ट सारखी आहे. सवलत मागणाऱ्याने पैशाऐवजी दुसरं काहीतरी मोजायचं: वेळ, रांगेतले पाय, किंवा नशीब. ज्याच्याकडे पैसे आहेत तो आधी पूर्ण दराने आपली जागा पक्की करतो. ज्याच्याकडे पैसे कमी पण वेळ आहे तो दारात येऊन थांबतो. विद्यार्थी या दुसऱ्या गटातला.

आपल्याकडे हे होतंच की

पण यासाठी न्यूयॉर्कला जायची गरज आहे का? आपल्या मातीत बघू.

१८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. तिथे तिकिटाचा प्रश्न नव्हता. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय संपला, आणि १८५३ मध्ये भाव्यांनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. म्हणजे मराठी नाटकाचं तिकीट जन्माला आलं ते राजाश्रय सुटल्यामुळे. राजाची जागा प्रेक्षकाने घेतली. पुढे नाटक कंपन्यांच्या काळात सगळ्यांत स्वस्त जागा 'पिटात' असायची. 'पिटातला प्रेक्षक' हा शब्द आजही आपण थोड्या तुच्छतेने वापरतो, पण टाळी, शिट्टी आणि 'वन्स मोअर' यांनी नाट्यगृह जिवंत ठेवणारा तोच होता. लंडनने आपलं अंगण जपलं. आपण पिट बुजवून तिथे पाचशेच्या खुर्च्या मांडल्या.

तमाशाचं तर विचारूच नका. दसऱ्याला फड बाहेर पडतात ते बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरत असतात. गावाने सुपारी देऊन जत्रेला फड आणला की खेळ सगळ्या गावाला फुकट, पैसे लोकवर्गणीतून. मोठ्या यात्रेत कनात ठोकून तिकिटावर खेळ असेल, तर तिकीट त्याच रात्री, कनातीच्या दारात. आधी बुकिंग वगैरे भानगड नाही. आपल्या खटाव तालुक्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांची मोठी यात्रा भरते. यात्रेला आलेला माणूस पाळण्यात बसतो, जनावरांचा बाजार बघतो, आणि मग मन झालं तर तिकीट काढून कनातीत शिरतो. त्याला 'आयत्या वेळचा प्रेक्षक' म्हणून कुणी कमी लेखत नाही, उलट सगळा धंदा त्याच्यावरच. विठाबाई नारायणगावकर आणि त्यांच्या कन्या, आपल्या कराडजवळच्या करवडीच्या मंगला बनसोडे, यांनी पिढ्यान्‌पिढ्या याच प्रेक्षकासमोर कला सादर केली.

तिकडे विदर्भात चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात झाडीपट्टीची रंगभूमी आहे. दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगाव मंडप पडतात, रात्रभर नाटक चालतं. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटकांचं बुकिंगचं गाव. तिथे नाटक गावात येतं, गावकरी नाटकाकडे जात नाहीत. त्यामुळे परतीच्या गाडीचा प्रश्नच नाही. झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला या रंगभूमीची थोडी ओळख झाली.

थोडक्यात, स्वस्त आणि आयतं तिकीट ही परदेशी आयडिया वाटते, पण आपल्या लोककलेचा व्यवहार त्याच्यावरच उभा आहे. विसर पडलाय तो शहरी नाट्यगृहांना.

पंधरा रुपयांचं नाटक

आणि एक जागा अशी आहे जिथे हे आजही चालू आहे, फक्त आपलं लक्ष नसतं. राज्य शासनाची हौशी मराठी नाट्यस्पर्धा. साठहून अधिक वर्षं सुरू असलेली ही स्पर्धा हिवाळ्याच्या सुमारास केंद्राकेंद्रावर होते. सांगली हे त्यातलं जुनं केंद्र. तिकीट किती? वर्षानुवर्षं १५ आणि १० रुपये. तेही त्या संध्याकाळी नाट्यगृहाच्या दारात मिळतं. प्रयोग बहुधा संध्याकाळी सात-साडेसातला. चहाच्या एका कपाच्या भावात दोन अंकी नाटक.

यावर दोन प्रतिक्रिया येतात. पहिली, 'भारीच की!' दुसरी, 'मग तिथे गर्दी का नसते?' दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. तिकीट नुसतं स्वस्त असून भागत नाही. नाटक कुठलं, कधी, कुठे, हे पोरांपर्यंत पोचावं लागतं, आणि रात्री घरी पोचता यावं लागतं. किंमत हा तीन पायांच्या स्टुलाचा एक पाय झाला. माहिती हा दुसरा आणि एसटी हा तिसरा. एक जरी नसला तरी स्टूल आडवं.

मग करायचं काय?

एक ठोस गोष्ट आयोजकांनी करावी. प्रयोगाआधी पाऊण तास उरलेल्या खुर्च्या, ओळखपत्र दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला, एका ओळखपत्रावर एकच, शंभर रुपयांत. दर आणि वेळ जाहिरातीतच छापायची. न आलेल्या पासवाल्यांच्या जागा दुसऱ्या घंटेला मोकळ्या करायच्या.

यावरचा आक्षेप रास्त आहे: सगळेच शेवटच्या तासाची वाट बघत बसले तर? आधी पूर्ण पैसे भरणाऱ्या सभासदाला फसवल्यासारखं नाही का होणार? म्हणून तर ओळखपत्राची अट. नोकरी करणारा माणूस बायको-पोरांना घेऊन 'मिळालं तर बघू' म्हणत दारात उभा राहत नाही, त्याला पक्की जागा आणि शेजारी-शेजारी खुर्च्या लागतात. विद्यार्थ्याला शेवटची रांग चालते, एकटं बसायलाही चालतं. हे दोन वेगळे प्रेक्षक आहेत, एकाने दुसऱ्याचं तिकीट मारलं जात नाही. उलट आजचा शंभरवाला दहा वर्षांनी सभासद होईल.

दुसरी गोष्ट नगरपालिकांच्या हातात आहे. साताऱ्याचं शाहू कला मंदिर असो की इतर शहरांतली पालिकेची नाट्यगृहं, ती लोकांच्या पैशावर उभी आहेत. भाड्यात थोडी सवलत आणि त्या बदल्यात प्रत्येक प्रयोगाला ठरावीक खुर्च्या तरुणांसाठी स्वस्त, असा करार करायला कायदा बदलावा लागत नाही, ठराव पुरतो. नाट्यगृह असणं हीच किती नाजूक गोष्ट आहे ते कोल्हापूरने दाखवलं. शाहू महाराजांच्या काळात १९१५ मध्ये उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. लोक रडले, कारण तिथे त्यांच्या आठवणी होत्या. ज्या पोरांनी आत पाऊलच ठेवलं नाही, ती कशासाठी रडतील?

तिसरी गोष्ट कॉलेजांची. एसटीचा 'प्रासंगिक करार' लग्नाच्या वऱ्हाडाला आणि सहलीला सगळे वापरतात. चाळीस मुलांनी मिळून एक गाडी केली, सोबत एक सर आणि एक मॅडम असले, तर रात्री साडेबाराला परतायची भीती उरत नाही आणि मुलींच्या घरूनही 'जा' म्हणतात. वर्षातून दोनदा जरी हे झालं तरी खूप. चाळीस जणांचं तिकीट एकदम म्हटल्यावर आयोजकही दरात उतरतो. आणि निर्मात्यांनी महिन्यातला एखादा प्रयोग दुपारी लावला, तर गाडीचाही खर्च वाचेल. शेवटची एसटी आरामात मिळेल.

हे एवढं महत्त्वाचं का?

कारण नाटक करणारी पोरं आपल्याकडे आहेत. युवा महोत्सव आला की कॉलेजाकॉलेजांत एकांकिकेच्या तालमी सुरू होतात. वर्गातली बाकं बाजूला सरकवून, कुणाच्या तरी आजोबांचं धोतर आणि आईची साडी घेऊन पोरं उभी राहतात. त्यांतल्या कितीतरी जणांनी व्यावसायिक नाटक प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नसतं. प्रकाशयोजना त्यांना माहीत असते ती यूट्यूबवरच्या क्लिपमधून. 'संगीत देवबाभळी' मोबाईलच्या सहा इंचांत ऐकलेली पोरगी आणि ती अंधाऱ्या सभागृहात, दहा फुटांवर, खऱ्या गळ्यातून ऐकलेली पोरगी, या दोघी स्टेजवर सारख्या उभ्या राहणार नाहीत. मग स्पर्धेत शहरातलं कॉलेज जिंकतं आणि आपण म्हणतो, 'त्यांच्याकडे टॅलेंट आहे.' त्यांच्याकडे नाट्यगृह चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हे आपण म्हणत नाही.

कॅमेरा, एडिटिंग, अभिनय हे सगळं आता गावात बसून शिकता येतं. प्रेक्षागृहात बसणं मात्र शिकायला प्रेक्षागृहच लागतं. कुठे सगळे एकदम हसतात, कुठे चारशे माणसं श्वास रोखतात, नटाचं वाक्य चुकलं तर समोरचा ते कसं सावरतो, हे तिथे बसल्याशिवाय कळत नाही. त्या खुर्चीचं भाडं दोन दिवसांच्या मजुरीइतकं असेल, तर नाटक हळूहळू ठरावीक शहरांतल्या ठरावीक घरांचा छंद होईल. मग दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनी नटराजपूजन करायचं आणि तरुण नाटकाकडे वळत नाहीत म्हणून भाषण करायचं.

तरुण दारात उभे आहेत. खुर्ची आत रिकामी आहे. मधल्या खिडकीतून एक हात बाहेर यायचा बाकी आहे.

आज रात्रीचं नाटक गाठायचंय?

• निघण्याआधी नाट्यगृहाच्या खिडकीवर किंवा जाहिरातीतल्या नंबरवर फोन करा. 'करंट बुकिंग आहे का? शेवटच्या रांगा शिल्लक आहेत का?' एवढंच विचारा.

• 'तिकिटालय', 'बुक माय शो' अशा ॲपवर दुपारी एकदा डोकावा. तिथे फुल्ल दिसलं तरी खिडकीवरचा कोटा वेगळा असू शकतो.

• एकटं किंवा दोघंच जा. सुटी खुर्ची मिळते, सलग चार मिळत नाहीत.

• कॉलेजचं ओळखपत्र जवळ ठेवा आणि सवलत आहे का ते स्पष्ट विचारा. विचारायला लाजू नका. मागणी दिसली तरच योजना येते.

• दुसऱ्या घंटेपर्यंत दारातून हलू नका. तिकीट परत करायला येणारी माणसं त्याच वेळी येतात. छापील दराच्या वर एक रुपयाही देऊ नका.

• जाताना परतीची सोय आधी ठरवा. शेवटची एसटी किती वाजता, हे स्टँडवरच्या चौकशी खिडकीत विचारून मगच तिकीट काढा.

• खिसा अगदीच रिकामा असेल तर राज्य नाट्यस्पर्धेच्या तारखांवर लक्ष ठेवा. आणि संगीताची आवड असेल तर जवळच औंधला दरवर्षी शरद ऋतूत शास्त्रीय संगीताचा जुना महोत्सव भरतो. तिथे तिकीटच नाही.